अनुवाद नेमका केव्हा होतो?

‘कंपाइलर आणि इंटरप्रिटर यांतील फरक सांगा’ हा प्रश्न प्रोग्रामिंग शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतो, आणि त्याचं ठरलेलं उत्तरही प्रत्येकाला पाठ असतं. कंपाइलर सगळा प्रोग्राम एकदम वाचून त्याचा मशीन कोड, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञा, करतो. इंटरप्रिटर एकेक ओळ वाचतो आणि ती लगेच चालवतो. मग उदाहरणं: सी ही कंपाइल्ड भाषा, पायथन ही इंटरप्रिटेड भाषा. गुण मिळतात, प्रश्न मागे पडतो. मी बरीच वर्षं प्रोग्रामिंग शिकवते आहे आणि हे उत्तर मला दर वर्षी जास्तच खटकतं. ते अर्धवट आहे ही माझी तक्रार नाही. सुरुवातीला सगळंच अर्धवट शिकवावं लागतं. पण हे उत्तर तपासून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि तपासलं की ते टिकत नाही.

पायथनची एक छोटी फाइल घ्या. पहिल्या ओळीत काहीतरी छापायला सांगा, मध्ये चार साध्या ओळी लिहा आणि शेवटच्या ओळीत एक कंस उघडून तसाच सोडा. फाइल चालवा. एकेक ओळ वाचून लगेच चालवणारं कोणी आत असतं, तर पहिली ओळ छापली गेली असती आणि गाडी शेवटी अडली असती. प्रत्यक्षात काहीच छापलं जात नाही, थेट व्याकरणाची चूक समोर येते. आता तो कंस बंद करा आणि शेवटच्या ओळीत कुठेही न ठरवलेलं एखादं नाव वापरा. या वेळी पहिली ओळ छापली जाते, मधल्या ओळी चालतात आणि शेवटी पोचल्यावर तक्रार येते.

फाइल तीच, चुका दोन, आणि त्या दोन वेगळ्या वेळी पकडल्या जातात. कारण पायथनची बहुतेक जण वापरतात ती आवृत्ती, सीपायथन, आधी अख्खी फाइल वाचते, तिचं व्याकरण तपासते, बाइटकोड नावाच्या एका मधल्या भाषेत तिचा अनुवाद करते आणि मग तो बाइटकोड चालवायला घेते. म्हणजे जिला आपण इंटरप्रिटर म्हणतो तिच्या पोटात एक कंपाइलर बसलेला आहे. तो लपलेलाही नाही. एखादं मॉड्यूल इम्पोर्ट केलं की शेजारी ‘पायकॅश’ नावाचा फोल्डर तयार होतो. त्यात हाच अनुवाद पुढच्या वेळेसाठी साठवून ठेवलेला असतो.

हे पाहिल्यावर वर्गातल्या एखाद्या मुलीचा किंवा मुलाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग पायथन नक्की काय आहे? माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. कंपाइल करणं आणि इंटरप्रिट करणं या दोन क्रिया अगदी स्वच्छ, एकमेकींपासून वेगळ्या आहेत. गोंधळ सुरू होतो तो त्या क्रियांची लेबलं आपण भाषांवर आणि सॉफ्टवेअरवर चिकटवतो तेव्हा.

क्रिया आधी नीट पाहू. कंपाइल करणं म्हणजे एक प्रोग्राम घेऊन त्याच अर्थाचा दुसरा प्रोग्राम देणं. इंटरप्रिट करणं म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारा डेटा अशा दोन्ही गोष्टी घेऊन थेट निकाल देणं. एकीतून प्रोग्राम बाहेर पडतो, दुसरीतून उत्तर. बाकी सगळे फरक, म्हणजे वेग, चुका कधी कळतात, मेमरी किती लागते, हे यातून निघतात. आणि तेसुद्धा नेहमी निघतीलच असं नाही. एकदम की ओळीओळीनं, हा मुद्दा व्याख्येत येतच नाही. मशीन कोड हाही येत नाही. बाहेर पडणारा प्रोग्राम मशीन कोडमध्ये असो, बाइटकोडमध्ये असो की दुसऱ्या एखाद्या भाषेत, क्रिया तीच.

पुस्तकं इथे पुस्तकाचा अनुवादक आणि सभेतला दुभाषी यांची तुलना देतात. ती थोडं अंतर चांगली साथ देते: अनुवादकाचं काम संपलं की तो निघून जातो आणि पुस्तक मागे राहतं, दुभाष्याला मात्र संभाषण संपेपर्यंत थांबावं लागतं. पण दुभाषीसुद्धा शेवटी भाषांतरच करत असतो. इंटरप्रिटर तसं करत नाही. ‘बेरीज कर’ ही आज्ञा तो दुसऱ्या भाषेत सांगत बसत नाही, स्वतः बेरीज करतो. तो बोलणाऱ्याचा निरोप पोचवणारा नसून निरोपात सांगितलेलं काम करणारा आहे. हा बारकावा हातून सुटला की पुढे सगळं निसटत जातं.

आता या नावांचा इतिहास पाहिला तर ती किती सरकली आहेत ते दिसतं, आणि मला त्यात मनापासून रस आहे, म्हणून थोडं रेंगाळते. कंपाइलर हा शब्द रूढ केला ग्रेस हॉपर यांनी. 1951-52 च्या सुमारास युनिव्हॅक या संगणकासाठी त्यांनी ए-झिरो नावाची प्रणाली तयार केली. तोवर प्रोग्राम लिहिणारे आपल्या वहीत जमवलेले, तपासून घेतलेले आज्ञांचे तुकडे हातानं उतरवून घेत. वर्गमुळाचा एक तुकडा, साइनचा एक. उतरवताना आकडे चुकत, आणि प्रत्येक तुकडा मेमरीत नव्या जागी बसवताना त्यातले पत्ते बदलावे लागत, तिथेही चुका होत. हॉपर यांनी हे तुकडे टेपवर ठेवले, प्रत्येकाला खुणेचा क्रमांक दिला आणि संगणकालाच सांगितलं की हे क्रमांक घे, तुकडे शोध, पत्ते जुळव आणि एक सलग प्रोग्राम तयार कर. संग्रहातून तुकडे गोळा करून जोडणं, म्हणून कंपाइल करणं. संकलन या अर्थानं तो शब्द तिथे चपखल होता.

पण आजच्या भाषेत त्या कामाला आपण काय म्हणू? तुकडे जोडणारा लिंकर आणि ते मेमरीत बसवणारा लोडर. आज ज्याला कंपाइलर म्हणतात त्याचं मुख्य काम, म्हणजे माणसाला सोयीच्या सूत्रांचं आणि वाक्यांचं यंत्राच्या आज्ञांत रूपांतर, ए-झिरोत जवळपास नव्हतंच. आणि गंमत अशी की असेंबलर या शब्दाची कथाही हीच आहे. केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर विल्क्स, व्हीलर आणि गिल यांच्या लिखाणात असेंबल करणं म्हणजे वेगवेगळे भाग जोडून एक प्रोग्राम बनवणं. आज असेंबलर म्हणताच जे डोळ्यांसमोर येतं, अक्षरांत लिहिलेल्या आज्ञांचं बायनरीत रूपांतर, ते काम एडसॅकवर 1949 मध्ये डेव्हिड व्हीलर यांच्या ‘इनिशियल ऑर्डर्स’ करत होत्या. अवघ्या 31 आज्ञांचा तो प्रोग्राम. आज्ञेचं अक्षर आणि दशमान पत्ता टेपवरून वाचायचा, त्याचं बायनरी करायचं, मेमरीत ठेवायचं. संगणक सुरू झाला की सगळ्यात आधी तोच चाले. म्हणजे दोन्ही नावं मुळात ‘गोळा करून जोडणं’ या एकाच कामाची. ते काम पुढे लिंकरकडे गेलं आणि नावं मात्र अनुवादाच्या कामाला जाऊन चिकटली.

त्याच काळात खऱ्या अर्थानं अनुवाद करणारी यंत्रणाही आकार घेत होती. 1952 मध्ये मँचेस्टरच्या संगणकासाठी अ‍ॅलिक ग्लेनी यांनी ऑटोकोड तयार केला. नाव पाहा, त्यात कंपाइलर कुठेच नाही. जॉन बॅकस यांच्या फोरट्रान या भाषेच्या 1956 च्या मॅन्युअलचं शीर्षकही ‘ऑटोमॅटिक कोडिंग सिस्टिम’ असंच होतं, आणि फोरट्रान हे नाव ‘फॉर्म्युला’ आणि ‘ट्रान्स्लेशन’ जोडून झालेलं. म्हणजे ज्यांनी अनुवाद केला त्यांनी त्याला अनुवाद म्हटलं, ज्यांनी संकलन केलं त्यांनी संकलन म्हटलं. पुढच्या पिढीनं दोन्ही एकाच नावाखाली घातलं. यात कोणाचा दोष नाही. साधन बदलत जातं, नाव मागेच राहतं.

बॅकस यांच्या बाबतीत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती अभ्यासक्रमात सहसा येत नाही. फोरट्रानच्या आधी, 1953 मध्ये, त्यांनी आयबीएम 701 साठी स्पीडकोडिंग नावाची प्रणाली केली होती आणि ती इंटरप्रिटर होती. 701 च्या हार्डवेअरला अपूर्णांकांची गणितं, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट, येत नव्हती. ती लांबलचक प्रोग्राम चालवून करावी लागत. त्यामुळे इंटरप्रिटर प्रत्येक आज्ञा वाचण्यात, ओळखण्यात जो वेळ घालवी तो या संथ गणितांच्या आड झाकला जाई. कोणाला त्याची फारशी बोच नव्हती. मग 704 आला. त्याच्या हार्डवेअरमध्येच फ्लोटिंग पॉइंट होतं, मेमरीतले पत्ते पुढेमागे सरकवणारी इंडेक्स रजिस्टरं होती. गणित एकदम स्वस्त झालं, आणि इंटरप्रिटरनं वाया घालवलेला वेळ उघडा पडला. आता आज्ञा ओळखण्याचं काम प्रोग्राम चालण्याआधीच उरकून टाकणं भाग होतं. फोरट्रानचा अनुवादक इतका कसोशीनं का लिहिला गेला, हातानं लिहिलेल्या कोडशी बरोबरी करण्याचा एवढा ध्यास त्या गटानं का घेतला, ते यावरून कळतं. एप्रिल 1957 मध्ये तो लोकांच्या हाती गेला.

या प्रसंगातून मला दिसतं ते असं: कंपाइल करायचं की इंटरप्रिट, हा निर्णय भाषेच्या स्वभावातून आला नाही. हार्डवेअरमध्ये काय महाग आहे, कोणता वेळ कशाआड लपतो आहे, यातून आला. पुढेही तसंच होत राहिलं.

बेसिकचंच पाहा. बेसिक म्हटलं की कोणीही सांगेल, इंटरप्रिटेड भाषा. 1 मे 1964 रोजी डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी ती सुरू केली तेव्हा तिचा कंपाइलर होता. विद्यार्थ्यानं ‘रन’ असं टंकलं की अख्खा प्रोग्राम कंपाइल होई आणि लगेच चाले; मधली पायरी विद्यार्थ्याला दिसतच नसे. 1975 मध्ये अल्टेअर या छोट्या संगणकासाठी बेसिक आली ती इंटरप्रिटर होऊन, कारण 4 किलोबाइट मेमरीत कंपाइलर, मूळ मजकूर आणि त्याचा अनुवाद असे तिघे एका वेळी मावणं शक्य नव्हतं. त्या छोट्या संगणकांवर एक अख्खी पिढी प्रोग्रामिंग शिकली आणि बेसिकवर इंटरप्रिटरचा शिक्का बसला. उलटं उदाहरण सीचं. सीसाठी आणि सी प्लस प्लससाठी इंटरप्रिटर आहेत. सर्न या संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सिंट नावाचा असा इंटरप्रिटर वापरत होते. त्याची जागा पुढे क्लिंगनं घेतली. क्लिंगलाही इंटरप्रिटरच म्हणतात, कारण एक ओळ टंकली की उत्तर समोर येतं, पण आत तो प्रत्येक ओळ कंपाइल करून चालवतो. कॉमन लिस्प या लिस्प कुळातल्या भाषेच्या एसबीसीएल या प्रणालीचंही तेच: समोर प्रॉम्प्ट, हाताखाली कंपाइलर.

तेव्हा ‘टंकलं की लगेच उत्तर मिळतं, म्हणून इंटरप्रिटर’ हेही बाद. वापरणाऱ्याला काय दिसतं आणि आत काय घडतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मधल्या भाषांबद्दल थोडं. 1960 च्या दशकात मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएलचा कंपाइलर ओ-कोड नावाची मधली भाषा तयार करी. हेतू एवढाच की नव्या संगणकावर जाताना सगळा कंपाइलर पुन्हा लिहावा लागू नये, फक्त ओ-कोडचा शेवटचा टप्पा लिहावा. पास्कलनं 1970 च्या दशकात पी-कोडनं हेच केलं. 1995 मध्ये जगापुढे आलेल्या जावानं बाइटकोड हा शब्द घरोघरी पोचवला. या सगळ्यांत अर्धा अनुवाद आधी होतो आणि उरलेलं काम नंतर कोणीतरी करतं. ‘नंतर कोणीतरी’ म्हणजे कोण, यावरच पुढची चुरस झाली.

त्या चुरशीतून आलेलं नाव म्हणजे जस्ट-इन-टाइम कंपाइलर, जेआयटी. प्रोग्राम चालू असतानाच त्याचे तुकडे मशीन कोडमध्ये उतरवायचे. नाव जावाच्या काळात गाजलं, कल्पना जुनी आहे. केन थॉम्पसन यांनी 1968 मध्ये मजकुरात नमुना शोधण्याची जी पद्धत मांडली, तीत वापरणाऱ्यानं दिलेल्या रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे नमुना सांगणाऱ्या सूत्राचा, आयबीएम 7094 च्या मशीन कोडमध्ये अनुवाद होई आणि मग तोच कोड मजकुरावर चाले. 1984 मध्ये डॉइच आणि शिफमन यांनी स्मॉलटॉक या भाषेच्या बाइटकोडचं असंच जागच्या जागी भाषांतर केलं. 1999 च्या जावा हॉटस्पॉटमध्ये गोष्ट आणखी रंगली. आधी बाइटकोड इंटरप्रिट करायचा, कोणता भाग पुन्हापुन्हा चालतो ते मोजायचं, आणि जो तापेल तेवढाच कंपाइल करायचा. तेही काही अंदाज बांधून: इथे नेहमी याच प्रकारची वस्तू येते आहे, म्हणजे पुढेही तीच येईल. अंदाज चुकला तर तयार केलेला मशीन कोड सोडून, नेमक्या त्याच जागेवरून, पुन्हा इंटरप्रिटरकडे परतायचं. या परतण्याला डीऑप्टिमायझेशन म्हणतात आणि मला ती संगणकशास्त्रातल्या सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. इंटरप्रिटर तिथे कच्चा, जुनाट पर्याय म्हणून राहिलेला नाही. धाडसी अंदाज बांधण्याची मुभा कंपाइलरला मिळते ती खाली तो आहे म्हणूनच.

क्रोम ब्राउझरच्या व्ही8 इंजिनाचा प्रवास हेच सांगतो. 2008 मध्ये ते आलं तेव्हा त्यात इंटरप्रिटर नव्हताच, जावास्क्रिप्ट थेट मशीन कोडमध्ये जाई. वेगासाठी तसं केलं होतं. 2017 मध्ये त्याच इंजिनात इग्निशन नावाचा इंटरप्रिटर पहिल्या पायरीवर बसवला गेला, कारण मशीन कोड फार मेमरी खातो, फोनवर ती परवडत नाही, आणि वेब पानावरचा बराचसा कोड एकदाच चालतो किंवा चालतच नाही. म्हणजे इंटरप्रिटरकडून कंपाइलरकडे ‘प्रगती’ होते, ही समजूतसुद्धा सोडून द्यावी लागते.

आता ज्या नावावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात ते: ट्रान्सपायलर. एका वरच्या पातळीच्या भाषेतून दुसऱ्या वरच्या पातळीच्या भाषेत नेणारा. पुष्कळ जाणकार म्हणतात की हा शब्दच नको, तो कंपाइलरच आहे. बॅबेल हे जावास्क्रिप्टचं साधन आधी ट्रान्सपायलर म्हणून ओळखलं जाई, आता स्वतःला कंपाइलर म्हणवतं. टाइपस्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टला टाइपची, म्हणजे डेटाच्या प्रकारांची, जोड देणारी भाषाही आपल्या साधनाला कंपाइलर म्हणते. या वादात ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांची भूमिका जुनी आणि ठाम आहे. सी प्लस प्लसची त्यांची पहिली प्रणाली, सीफ्रंट, सी भाषेत अनुवाद करी. लोक तिला प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपाइलरच्या आधी मजकुरात नुसती अदलाबदल करणारं साधन, म्हणू लागले आणि त्यांनी ते कधी मान्य केलं नाही. त्यांचा मुद्दा असा की सीफ्रंट भाषेचं व्याकरण, टाइप, अर्थ सगळं पूर्ण तपासत असे. सीचा कंपाइलर फक्त शेवटचा कोड काढून देण्यापुरता. चूक झाली तर ती सीफ्रंटनंच दाखवायची, सीच्या कंपाइलरकडून वापरणाऱ्याला तक्रार ऐकू येऊ नये.

मला स्ट्रॉस्ट्रुप यांचं म्हणणं पटतं, तरीही ट्रान्सपायलर हा शब्द मी टाकून देणार नाही. पातळी वरची की खालची हा निकष मात्र मला पोकळ वाटतो. एम्स्क्रिप्टेन हे साधन सी प्लस प्लसचा प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये उतरवत असे. जावास्क्रिप्ट वरच्या पातळीची भाषा आहे, पण जे बाहेर पडे ते कोणी वाचावं असं नव्हतंच. तिथे जावास्क्रिप्टचा उपयोग मशीन कोडसारखा होता, आणि 2017 मध्ये वेबअसेंब्ली, म्हणजे ब्राउझरसाठीचा खास बाइटकोड, प्रमुख ब्राउझरांत पोचल्यावर तर ते काम जावास्क्रिप्टकडून निघूनच गेलं. माझा निकष वेगळा आहे. अनुवादानंतर कोणता मजकूर आपला राहतो? उद्या बदल करायचा झाला तर आपण कोणती फाइल उघडणार? 1981 मध्ये डिजिटल रिसर्च कंपनीनं एक्सएलटी86 नावाचं साधन काढलं. ते 8080 प्रोसेसरचा असेंब्ली प्रोग्राम घेऊन 8086 चा असेंब्ली प्रोग्राम देई. तो नवा प्रोग्रामच पुढे माणसानं वाचायचा, सांभाळायचा, वाढवायचा. जुना तिथेच संपला. सीफ्रंटच्या बाबतीत उलट: मधला सी मजकूर कोणी सांभाळत नसे, मूळ सी प्लस प्लसच कायम मूळ. या दोन कामांना एकच नाव देणं मला अन्यायाचं वाटतं. माणसानं वाचण्याजोगा मजकूर देण्याचं वचन जिथे आहे तिथे ट्रान्सपायलर म्हणावं, नाहीतर कंपाइलर. टाइपस्क्रिप्ट या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतं, आणि अलीकडे तर नोडजेएस हे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन टाइपस्क्रिप्टमधल्या टाइपच्या जागी फक्त रिकाम्या जागा ठेवून फाइल चालवू शकतं, म्हणजे ओळींचे आणि अक्षरांचे क्रमांकही हलत नाहीत. हा अनुवाद म्हणावा की खोडणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अर्थ बदलता कामा नये, हा या सगळ्या खटाटोपाचा पाया, पण तोही नेहमी पाळला गेला असं नाही. 1962 च्या लिस्प 1.5 मध्ये इंटरप्रिटर आणि कंपाइलर दोन्ही होते, आणि फंक्शनच्या बाहेर ठरवलेली नावं दोघे वेगळ्या तऱ्हेनं शोधत. इंटरप्रिटरमध्ये नीट चालणारा प्रोग्राम कंपाइल करायचा तर काही नावांबद्दल वेगळ्या सूचना लिहाव्या लागत, नाहीतर तोच मजकूर वेगळं काहीतरी करी. 1984 च्या कॉमन लिस्पनं ही दरी बुजवायचं ठरवलं: दोघांनी एकाच नियमानं अर्थ लावायचा. भाषेचा अर्थ भाषेच्या नियमांत असला पाहिजे, एखाद्या साधनाच्या सवयीत नव्हे, हे तोवर किती अस्पष्ट होतं ते यातून जाणवतं.

या दोन क्रियांमधलं नातं सगळ्यात नेमकं मांडलं ते योशिहिको फुतामुरा यांनी 1971 मध्ये. त्यांची मांडणी वाचली तेव्हा मला झालेला आनंद अजून ताजा आहे. समजा एक साधन आहे, जे एखादा प्रोग्राम आणि त्याचा अर्धा डेटा घेतं आणि त्या अर्ध्या डेटापुरतं सगळं काम आधीच उरकून एक नवा, आटोपशीर प्रोग्राम देतं. याला आंशिक मूल्यमापन म्हणू. आता इंटरप्रिटरकडे पाहा. त्याला दोन गोष्टी लागतात: चालवायचा प्रोग्राम आणि त्या प्रोग्रामचा डेटा. त्यातली पहिली आधीच माहीत असेल, तर आपल्या साधनाला इंटरप्रिटर आणि तो प्रोग्राम द्या. आज्ञा ओळखण्याचं सगळं काम आधीच होऊन जाईल आणि जो नवा प्रोग्राम बाहेर पडेल तो म्हणजे मूळ प्रोग्रामचा कंपाइल केलेला अवतार. एक पाऊल पुढे: त्या साधनालाच इंटरप्रिटरपुरतं आंशिक मूल्यमापन लावा, बाहेर पडेल तो कंपाइलर. आणखी एक पाऊल: साधनाला साधन स्वतःच द्या, बाहेर पडेल तो कंपाइलर तयार करणारा प्रोग्राम. अनुवाद म्हणजे इंटरप्रिटरचं आधी उरकलेलं काम, एवढंच. कित्येक दशकं ही कल्पना कागदावरच जास्त राहिली. आज ग्रालव्हीएम या जावाच्या प्रणालीतली ट्रफल ही चौकट तिच्यातलं पहिलं पाऊल प्रत्यक्षात चालवते: भाषेचा इंटरप्रिटर लिहा, वेगवान कोड त्यातून काढून दिला जाईल.

आणि खाली कुठवर जायचं? सीचा प्रोग्राम मशीन कोडमध्ये आला की तो ‘थेट’ चालतो, असं आपण म्हणतो. पण मॉरिस विल्क्स यांनी 1951 मध्येच सुचवलं होतं की प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा आत आणखी छोट्या आज्ञांच्या मालिकेनं पार पाडावी. 1964 च्या आयबीएम सिस्टिम/360 मध्ये वेगवेगळ्या किमतीची, आतून अगदी निरनिराळी यंत्रं एकच मशीन कोड चालवत, ती बहुतेक अशा मायक्रोकोडच्या बळावर. म्हणजे मशीन कोडलाही इंटरप्रिटर होता. अ‍ॅपलचं रोझेटा 2 हे 2020 मधलं साधन तर मशीन कोडच दुसऱ्या मशीन कोडमध्ये उतरवतं. जमेल तेवढं प्रोग्राम चालण्याआधी, आणि प्रोग्राम स्वतःच आयत्या वेळी नवा कोड तयार करत असेल तर चालता चालता.

म्हणून आता वर्गात मी फरकाचा तक्ता लिहीत नाही, टी-आकृत्या काढते. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा एक ठोकळा: डाव्या हाताला ज्या भाषेतून अनुवाद होतो ती, उजव्या हाताला ज्या भाषेत होतो ती, आणि खालच्या दांड्यात अनुवादक स्वतः ज्या भाषेत लिहिला आहे ती. ही तिसरी भाषा पाठ केलेल्या उत्तरात कधीच नसते, आणि खरे प्रश्न तिच्यातूनच सुटतात. कोराडो बोम यांनी 1951 च्या आपल्या प्रबंधात एक भाषा आणि त्याच भाषेत लिहिलेला तिचा अनुवादक मांडला होता. तो पहिल्यांदा चालवायचा कसा, हे मुलांना फळ्यावर सोडवायला मी लिस्पचं उदाहरण देते. लिस्पचा इंटरप्रिटर आधीपासून होता: जॉन मॅकार्थी यांनी कागदावर लिहिलेलं ‘इव्हॅल’ हे फंक्शन स्टीव्ह रसेल यांनी हातानं मशीन कोडमध्ये उतरवलं होतं. 1962 मध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पचा कंपाइलर लिस्पमध्येच लिहिला. आकृतीत डावीकडे लिस्प, उजवीकडे मशीन कोड, खाली पुन्हा लिस्प. त्या खालच्या लिस्पला आधार म्हणून त्यांनी इंटरप्रिटर ठेवला आणि कंपाइलरला कंपाइल करायला दिला तो कंपाइलरचाच मजकूर. इंटरप्रिटर संथपणे त्या मजकुरातली एकेक आज्ञा पार पाडत गेला, आणि शेवटी जो प्रोग्राम बाहेर पडला त्याच्या आकृतीत खालचा दांडा मशीन कोडचा होता. तिथून पुढे कंपाइलरमध्ये काही बदल केला की नवा मजकूर या मशीन कोडमधल्या कंपाइलरलाच देता येऊ लागला.